एक हजार वॉटची बेबी

मी बेबी बोलतेय. नाव ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या. वयानं मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आत्या लागेन. शूटिंगच्या धंद्यात एक हजार वॉटच्या दिव्याला बेबी म्हणतात, कारण माझ्याहून थोरले पाच हजारी, दहा हजारी दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी मी बुटकी दिसते. लोखंडी अंग, पुढे गोल वळ्यांची जाड काच, काचेपुढे चार काळ्या पत्र्यांची झापं आणि पोटात एक बल्ब. बास, एवढीच मी.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका पत्र्याच्या शेडमधला. परदेशातून आलेला एक दिवा समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करायची, असं ते काम होतं. मूळ दिव्याला नाजूक रंग होता, मला काळा डांबरासारखा फासला. पहिल्यांदा मला लावलं तेव्हा मी किती तापते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यानं बघायला म्हणून हात लावला त्याच्या तळव्याची साल निघाली. तो नळाखाली हात धरून शिव्या देत होता आणि मला गंमत वाटत होती. माझा स्वभाव मुळातच असा आहे, मी काही देवळातली समई नाही.

तिथून मी चकाल्याच्या एका गोडाऊनमध्ये आले. भाड्यानं दिवे देणारं ते दुकान होतं. आज जाहिरात, उद्या सिनेमा, परवा कुणाच्या तरी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. मी माणसं भरपूर पाहिली. माणूस उजेडासाठी काय काय करतो ते तुम्हाला ठाऊक नाही. सख्ख्या बहिणींची भूमिका करणाऱ्या दोन नट्या कॅमेरा सुरू झाला की एकमेकींना कोपरानं ढकलायच्या, माझा उजेड पडतो त्या जागी उभं राहायला. एक नामवंत नट समोरच्या पोराचं वाक्य आलं की मुद्दाम खांदा पुढे काढायचा, म्हणजे पोराच्या तोंडावर त्याची सावली पडायची. वर त्यालाच म्हणायचा, "अरे, जरा उजेडात ये ना, दिसत नाहीस तू." पोरगं बिचारं माफी मागायचं. मी हे सगळं बघायचे आणि जळत राहायचे. दुसरं कामच काय मला?

मला सांभाळायला होता दत्ताराम. मूळचा कणकवलीकडचा, बाप गिरणीत होता, आता दहिसरच्या चाळीत बिऱ्हाड. लाइटमन म्हणून लागला तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, आता केस पिकलेत. जाड हातमोजे घालून तो मला उचलायचा आणि बल्ब बदलताना स्वतःशी मालवणीत पुटपुटायचा. त्याच्या हाताची मला सवय झाली होती.

आणि मग हेमांगी आली.

वेसाव्याची कोळ्यांची पोर. आई पहाटे मासळी विकायला जायची आणि ही आरशासमोर उभी राहून डायलॉग म्हणायची, असं तिनंच एकदा सेटवर सांगितलं होतं. पहिल्या सिनेमात तिला चालता चालता एका खुणेवर येऊन थांबायचं होतं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण केलेली असते, तिला मार्क म्हणतात. त्यावर उभं राहिलं तरच उजेड बरोबर तोंडावर येतो. हेमांगी दर वेळी खाली बघायची आणि शॉट वाया जायचा. दिग्दर्शक ओरडत होता. तेव्हा दत्तारामनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, डोळे खाली घालू नका. गालानं शोधा. बेबी तापली की गालावर समजतं."

तिनं तसं केलं. डोळे समोर ठेवून चालत आली आणि माझी ऊब गालाला लागली तशी थांबली. मार्कवर. एका बोटाचाही फरक नाही.

तेव्हापासून ते तिचं वेड झालं. दत्ताराम तिच्यासाठी मला नीट लावायचा. समोरून, जरा उजव्या अंगाला आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीहून वर. माझ्या तोंडाला ट्रेसिंग पेपर चिमट्यांनी ताणून बसवायचा, म्हणजे माझी धार बोथट व्हायची आणि उजेड दुधासारखा पसरायचा. डाव्या अंगाला थर्माकोलची पांढरी शीट. माझा उजेड तिच्यावर आपटून परत यायचा आणि नाकाची, गालाची सावली पुसून टाकायचा. मागच्या बाजूनं आणखी एक लहान दिवा, केसांना कड द्यायला. एवढं झालं की हेमांगी अशी दिसायची की चहावाला कप हातात धरून उभाच राहायचा.

तिनं कधी मॉनिटर पाहिला नाही. बाकीच्या नट्या शॉट झाला की पळत जाऊन त्या छोट्या पडद्यावर स्वतःला बघतात, हनुवटी वर करतात, नाक मुरडतात. हेमांगी म्हणायची, "मला काय बघायचंय? माझा गाल सांगतो मला." तो तिचा गर्व होता. मलाही त्या गर्वाची चव लागली होती, खोटं कशाला बोलू?

वर्षं गेली. हेमांगीची हेमांगीताई झाली. सिनेमे कमी झाले आणि ती मालिकेत आली, आरेच्या रस्त्यालगतच्या एका स्टुडिओत. तिथं बाहेर म्हशींच्या गोठ्यांचा वास आणि आत प्लायवूडचा वाडा. ताई त्या वाड्याची मालकीण, आईसाहेब. कंबरेला चाव्यांचा जुडगा, कपाळावर मोठं कुंकू. घरोघरी लोक तिच्यासाठी मालिका बघायचे. मालिकेचा कॅमेरामन होता सुयोग. तो आधी असिस्टंट होता, केबल गुंडाळायचा. निर्मात्याकडे शब्द टाकून त्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं ते ताईनंच. तिच्या डब्यातली कोलंबी त्यानं किती वर्षं खाल्ली असेल, मोजदाद नाही.

मग सेटवर एलईडी आले. चपटे, पांढरे, हातपंख्यासारखे हलके. वीज कमी खातात आणि तापत नाहीत. आम्हा जुन्या दिव्यांना एका रात्रीत स्टुडिओच्या मागच्या मोरीजवळ टाकलं. माझ्या काचेवर कोळ्यानं जाळं विणलं आणि झापांत पालीनं अंडी घातली.

ताईची मात्र वाट लागली. ती नेहमीसारखी चालत यायची, गाल पुढे करायची आणि गालाला काहीच लागायचं नाही. थंड उजेड. मग ती अंदाजानं थांबायची, कधी अर्धं पाऊल पुढे, कधी मागे. रिटेकवर रिटेक. सेटवर कुजबुज सुरू झाली. ताईंना मार्क सापडत नाही. ताईंचं लक्ष नसतं. ताई थकल्या आता. मेकअप रूममध्ये हे तिच्या कानावर जाईल अशा बेतानं बोलायचे आणि ती आली की "ताई, चहा घेणार?" असं गोड विचारायचे.

चॅनेलकडून कथेवर देखरेख करायला अनुपमा नावाची बाई असायची. तिला ताई डोळ्यांत खुपत होती. तिला कथेत आईसाहेबांची धाकटी बहीण आणायची होती, तरुण, टापटीप, सगळी सूत्रं हातात घेणारी. त्यासाठी ताईला जायला हवं होतं. पण चॅनेलचे मोठे साहेब ताईचे चाहते. काढा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत अनुपमा आणि सुयोग मोरीजवळ सिगारेट ओढायला आले. माझ्यापासून हातभर अंतरावर. माणसं वस्तूंसमोर किती मोकळेपणी बोलतात!

"गणपती स्पेशल एपिसोड साहेब स्वतः बघणारेत," अनुपमा म्हणाली. "ताईंचा मोठा सीन आहे त्यात, चाव्या सुनेच्या हातात देतात तो. सुयोग, समज ना यार. कुणी काही बोलायची गरजच पडली नाही पाहिजे. साहेबांनाच वाटलं पाहिजे की बस झालं आता."

"म्हणजे मी काय करू?"

"तू कॅमेरामन आहेस. मी सांगू का तुला?"

सुयोगनं सिगारेट चपलेखाली विझवली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं पायानं मला जरा वळवलं, काचेवरचं जाळं पाहिलं आणि हसला. "ताई सारख्या विचारत असतात, माझी बेबी कुठाय म्हणून. देऊ या की त्यांना बेबी."

दत्तारामला बोलावलं. सुयोगनं त्याला हळू आवाजात काय करायचं ते सांगितलं. दत्ताराम म्हणाला, "साहेब, ताईंचा गळा कापायचा तर सुरीनं कापा ना. केसानं कशाला?"

"दत्ता, तुला काम करायचंय की नाही?"

"करायचंय."

"मग उचल."

त्यानं उचललं. मला पुसलं, पालीची अंडी काढली, नवा बल्ब घातला.

त्या दिवशी सेटवर प्लायवूडच्या वाड्यात कागदाचा गणपती बसवला होता. दत्तारामनं मला स्टँडवरून काढून एका बुटक्या लाकडी पेटीवर ठेवलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तोंड वर, ताईच्या उजव्या गालाकडे. ट्रेसिंग पेपर नाही. थर्माकोलची शीट सुयोगनं स्वतः काढून नेली आणि त्या जागी काळं कापड टांगलं, म्हणजे डाव्या बाजूला चुकून परतून येणारा उजेडही गिळून टाकायला. कॅमेरा त्या काळ्या बाजूला. भुताच्या सिनेमात मला असंच खाली ठेवतात. तिथून मी कुणाची गय करत नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या, मानेची सैल कातडी, ओठांवरच्या रेघा, प्रत्येकीची वेगळी सावली पाडते. समोर उभ्या राहणाऱ्या सुनेवर मात्र एलईडीचा मऊ उजेड, वरून, कापडातून गाळून.

ताई नऊवारी नेसून आली. दत्ताराम म्हणाला, "ताईनू, जरा डोळे मिटा बघू."

ती डोळे मिटून चालत आली. माझी ऊब लागली तशी थांबली. "बेबी?" तिनं डोळे उघडले आणि वाकून पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावला. "दत्ता, तुझे उपकार कसे फेडू रे? आणि सुयोग, तुझेही."

"काय ताई, एवढं पण करणार नाही का आम्ही तुमच्यासाठी?" सुयोग म्हणाला.

जुन्या सवयीनं तिनं एवढंच विचारलं, "खाली ठेवलीस आज?"

दत्तारामनं मान खाली घातली. उत्तर सुयोगनंच दिलं. "नवीन पद्धत आहे ताई. डोळ्यांत चमक येते."

ताईनं मान डोलावली. तिचा विश्वास बसला.

आणि मग ती जे बोलली! चाव्यांचा जुडगा कंबरेचा सोडवताना तिनं एकेक चावी अशी चाचपली की सून झालेली पोरगी खरोखर रडली. एकही शब्द चुकला नाही. एकाच शॉटमध्ये अख्खा सीन. मी तिला एवढी वर्षं पाहतेय, इतकं चांगलं काम तिनं कधीच केलं नव्हतं. ती उबेत उभी होती ना. तिला वाटत होतं, आपण उजेडात आहोत. युनिटनं टाळ्या वाजवल्या. सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांनी डोळे पुसले.

मॉनिटरवर काय दिसत होतं ते मला समोरच्या काचेच्या कपाटात दिसलं. अर्धा चेहरा काळा. उरलेला अर्धा वाळक्या बोंबलासारखा. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. मी केलं ते. मला जिथं ठेवाल तिथून मी जळते, दया करणं माझ्या बल्बात नाही. पण त्या दिवशी, खरं सांगते, तो बल्ब फुटावा असं मला वाटलं. फुटला नाही, नवा होता.

"एवढं पण नको होतं रे," मॉनिटरमागून अनुपमा पुटपुटली.

"तूच म्हणालीस ना?" सुयोग म्हणाला. मग मोठ्यानं, "ताई, झकास! मॉनिटर बघता का?"

ती बघणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मला काय बघायचंय?" ताई हसून म्हणाली आणि गालावरून हात फिरवला.

एपिसोड लागला. लोकांनी मोबाइलवर लिहिलं, आईसाहेब किती म्हाताऱ्या दिसायला लागल्या, बघवत नाही. मोठ्या साहेबांनी म्हणे टीव्ही मध्येच बंद केला आणि फोन करून सांगितलं की बाईंना मानानं निरोप द्या. पुढच्याच आठवड्यात आईसाहेब काशीला गेल्या आणि गंगेत बुडाल्या. ताईला हे फोनवर कळवलं. ज्यानं कळवलं त्यानं "तब्येतीला जपा" असंही सांगितलं.

ती सामान न्यायला आली तेव्हा युनिटसाठी डबा भरून कोलंबी घेऊन आली. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली. सुयोगनं दोनदा घेतली.

"चूक माझीच," ताई त्याला म्हणाली. "तुम्ही तर बेबी शोधून आणलीत, उजेड दिलात. कमी पडले ते मी. वय झालं रे, कामातून कळतंच ते."

सुयोग कोलंबीचं डोकं चोखत होता. "असं काय बोलता ताई."

"एक मागू? ही बेबी तुम्ही भंगारात घालणार असाल तर मला द्या. आठवण."

दिली. दुकानालाही मी नकोशीच होते. दत्तारामनं मला रिक्षापर्यंत उचलून नेलं. ताई आत बसली, मी तिच्या मांडीवर. रिक्षावाल्यानं मीटर टाकलं. दत्ताराम दांडीला धरून उभा राहिला.

"ताईनू, ही लावताना..."

"काय रे?"

मी वाट बघत होते. बोल मेल्या, म्हणत होते.

"जरा जपून," दत्ताराम म्हणाला. "तापते."

रिक्षा सुटली. तो मागे उभा राहिला होता, हातमोजे हातात घेऊन.

आता मी वेसाव्यात आहे. खिडकीतून सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. दसऱ्याला ताईनं मला हळदकुंकू वाहिलं आणि झापाला झेंडूचं फूल खोचलं. कुणी घरी आलं की ती मला दाखवते. "ही माझी बेबी. सगळ्यांनी तोंड फिरवलं, पण शेवटच्या दिवशी हिनं आणि दत्तानं साथ दिली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात.

ताईनं हाय खाल्ली नाही, हे मात्र मला मान्य करावं लागेल. आजकाल काम हवं असेल तर कुणाच्या ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. घरीच मोबाइलवर एक छोटा सीन करायचा आणि पाठवून द्यायचा. आवडलं तर बोलावतात. ताई रोज दुपारी तयारी करते. एक हजार वॉटला साधा प्लग पुरत नाही, म्हणून गिझरचा प्लग काढून तिथं मला लावतात. तिची वहिनी चंपा, सकाळी बाजारात मासळी विकून आलेली, हात धुऊन मोबाइल धरते.

आणि ताई मला कुठं ठेवते? पाटावर. जमिनीलगत. तोंड वर, उजव्या गालाकडे. आपला सगळ्यात चांगला सीन जसा झाला, तसाच उजेड तिला हवा असतो. चंपाला दारात उभं करते, डाव्या अंगाला, त्या दिवशी कॅमेरा होता तिथंच. कागद नाही, पांढरं काही नाही. ती चालत येते, ऊब लागली की थांबते आणि काळजाला घरं पडतील असं बोलते.

"कसा झाला गं?" ती विचारते.

चंपा मोबाइलमध्ये बघते. मग ताईकडे बघते. तिला वाटतं, माणूस म्हातारं झालं की फोटोत असंच येतं. "बेस झाला गो," ती म्हणते. "पाठव."

ताई न बघताच पाठवते.

उत्तर येत नाही. सासूचा रोल होता, शाळेच्या मुख्याध्यापिकेचा होता, एका मोठ्या सिनेमात कोळणीचा होता. तो तर तिच्यासाठीच लिहिल्यासारखा. एकाचंही उत्तर नाही. ती म्हणते, उद्या आणखी मन लावून करीन.

मला तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला हात जोडते. तुमच्यापैकी कुणी तिच्या ओळखीचं असेल तर एकदा या घरी. काही अवघड नाही. मला पाटावरून उचला आणि कपाटावर ठेवा. तोंडाला कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर लावा, काचेपासून चार बोटं लांब, नाहीतर मी तो जाळीन. डाव्या बाजूला दोरीवर एक पांढरी चादर टाका आणि चंपाला मोबाइल घेऊन समोर उभं करा. मग बघा ही बाई कशी दिसते ते. अजून तितकीच दिसते, मला माहीत आहे.

फक्त एक लक्षात ठेवून या. ताई मॉनिटर न बघणारी असली तरी खुळी नाही. मला वर ठेवलंत की ती विचारेल, "मग त्या दिवशी दत्तानं हिला खाली का ठेवली होती?" तिच्या डोळ्यांत बघून द्यायचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. दत्तारामकडे नव्हतं.

येत असाल तर लवकर या. चंपा बाजारातून आली, गिझरचा प्लग काढतेय. म्हणजे आता मला लावणार.